आईला सारखी 'उन्हाळी' लागते : वर्षात पाचवी वेळ

रानजाई

मंडळी, आई ७३ वर्षांची, चिपळूणला एकटी राहते. मी पुण्यात. गेल्या बारा महिन्यांत तिला पाच वेळा लघवीचं इन्फेक्शन झालंय. दर वेळी तोच क्रम. आधी दोन दिवस "काही नाही गं, उन्हाळी लागलीय" म्हणत शहाळी पिणार. मग जळजळ, दर अर्ध्या तासाला बाथरूम, ओटीपोटात कळा. तिसऱ्या दिवशी फोन केला की आवाज खोल गेलेला.

परवा तिच्या औषधांची पिशवी पलंगावर उलटी केली. चिठ्ठ्या चारच निघाल्या. एका वेळी शेजारच्या मुलाने जुनं रिकामं पाकीट दुकानात दाखवून तीच गोळी आणली होती. एकदा नॉरफ्लॉक्सासिन, दोनदा सिप्रोफ्लॉक्सासिन, एकदा सेफिक्झिम, शेवटी नायट्रोफ्युरंटॉइन. पाच वेळांत कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कोणते ते बघायची तपासणी) एकदाच. दोन पाकिटांत गोळ्या उरलेल्या, कारण "बरं वाटलं, मग उगाच उष्ण औषधं कशाला पोटात ढकलायची?"

मधुमेह बारा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४, मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, १.१. तिथले डॉक्टर म्हणतात, वय झालं की होतं असं. होतं म्हणजे काय? आयुष्यभर दर दोन महिन्यांनी हेच करायचं का? कोणाच्या घरी हे थांबलं असेल तर कसं थांबलं ते सांगा.

शेवगा

रानजाई, आमच्या सासूबाईंना असंच व्हायचं. धणे-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी, आणि दुपारी सातूचं पाणी. वाळ्याची जुडी माठात. दोन महिन्यांत फरक. अँटिबायोटिकच्या नादी लागू नका, त्यानेच शरीर पोखरतं.

माजघर

शेवगाताई, धणे-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत कोणाची नाही, पण त्यात गुण धण्याचा किती आणि पाण्याचा किती?

रानजाई, आई दिवसाला पाणी किती पिते ते आधी बघ. "पिते की" हे उत्तर धरू नकोस. तांब्या मोजायला लाव. माझ्या आत्याचं आम्ही मोजलं तर चहासकट चार फुलपात्री निघाली. कारण विचारलं तर म्हणे, रात्री उठावं लागतं, गुडघे दुखतात, आणि बाथरूम मागच्या पडवीत.

रानजाई

@माजघर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. आई पुण्याला एसटीने येते. कुंभार्ली घाट, कराड, सातारा, स्वारगेट. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. विचारलं तर म्हणाली, "स्टँडवरच्या त्या मोरीत जाण्यापेक्षा तहान परवडली." दोन वेळा इन्फेक्शन पुण्याला आल्यावर तीन-चार दिवसांतच झालं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

माजघर

ही एका आईची गोष्ट नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'ची, म्हणजे बायकांसाठी सार्वजनिक मुताऱ्या मागणारी, चळवळ चालली ती याच कारणाने. बाहेर पडायचं म्हणून पाणी तोडणाऱ्या बायकांची आपली पिढ्यानपिढ्यांची सवय आहे.

चौकातला_केमिस्ट

दुकान चालवतो, २२ वर्षं. रोज संध्याकाळी एक तरी गिऱ्हाईक येतं, "ती जळजळीची गोळी द्या, दोनच द्या." पाकिटावर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थच चिठ्ठीशिवाय देऊ नये असा आहे. आम्ही नाही म्हटलं की समोरच्या दुकानात मिळते. (समोरचा पण हेच म्हणत असेल, असो.)

एक गोष्ट मात्र सांगतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सिप्रो सुरू केली की साखर अचानक खाली जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये या गटातल्या औषधांवर तसा इशारा आणखी ठळक करायला लावला. शिवाय टाचेमागचा स्नायुबंध दुखावण्याचा धोका, तो साठीनंतर जास्त. आईला त्या दिवसांत घाम, थरथर, गरगरणं असं काही झालं होतं का?

रानजाई

बापरे. दुसऱ्या सिप्रोच्या वेळी पहाटे घामाने भिजून उठली होती. आम्ही ते इन्फेक्शनच्या खाती टाकलं.

निवृत्त_स्टेथो

धागा आज पाहिला. मी तालुक्याच्या गावी ३४ वर्षं फॅमिली प्रॅक्टिस केली, आता बंद. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही. पण आईच्या डॉक्टरांना काय काय विचारायचं ते सांगतो.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन इन्फेक्शन्स झाली की त्याला 'वारंवार होणारं' म्हणतात. तुमच्या आईंची पाच. म्हणजे पाच वेगवेगळी दुखणी धरून दर वेळी नवी गोळी देण्याचा टप्पा मागे पडला. आता मूळ शोधायचं.

पहिलं म्हणजे कल्चर. पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचा नमुना द्यायचा. धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत. घरातली धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. नमुना तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. उन्हाळ्यात डबी स्कूटरच्या डिकीत घालून तीन तास गावभर फिरली की जंतू डबीतच पोसतात आणि रिपोर्ट भलताच येतो. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्रास सोसवत नसेल तर नमुना देऊन औषध सुरू करता येतं आणि रिपोर्ट आल्यावर गरजेप्रमाणे बदलता येतं.

बहुतेक वेळा नाव निघतं ई. कोलाय. हा आपल्याच आतड्यातला रहिवासी. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, त्यामुळे त्याला प्रवास फार नाही. आपल्याकडे ई. कोलायच्या कितीतरी जातींवर सिप्रो, नॉरफ्लॉक्स आता चालत नाहीत. आपणच त्या इतक्या खाल्ल्या आहेत. म्हणून साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला आता नायट्रोफ्युरंटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी यांचा विचार आधी होतो. नायट्रोफ्युरंटॉइन जेवणासोबत घ्यायचं, त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नये. पण मूत्रपिंड अधू असेल तर ते चालत नाही. तुम्ही क्रिएटिनिन १.१ लिहिलंय. आकडा दिसायला गोंडस आहे, पण ७३ वर्षांच्या बाईत त्याचा ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज) साधारण ५३ येतो. अजून चालेल असा आहे, तरी दर वेळी बघूनच. मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या इन्फेक्शनला मात्र हे औषध पुरत नाही, ते तिथल्या पेशींत पुरेसं पोचतच नाही.

दुसरं, पोटाची सोनोग्राफी. पण नुसती नाही. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, ते मोजून लिहून द्या असं सांगायचं. उरलेली लघवी म्हणजे साचलेलं डबकं. खडे आहेत का तेही त्यात दिसतं. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी सोडवा.

तिसरं कोणी बोलत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे भले जंतू राहतात, ते आम्लता टिकवून ई. कोलायला दाराबाहेर ठेवतात. इस्ट्रोजेन गेलं की ते राखणदार गेले आणि दार सताड उघडं. यावर योनीत लावायचं इस्ट्रिऑल क्रीम असतं. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये राझ आणि स्टॅम यांनी ९३ बायकांवरचा अभ्यास छापला. क्रीम लावणाऱ्यांत वर्षाला सरासरी ०.५ इन्फेक्शन, नुसतं औषधाविना क्रीम लावणाऱ्यांत ५.९. तीस वर्षं झाली या गोष्टीला! मी स्वतः माझ्या प्रॅक्टिसची पहिली वीस वर्षं हे क्रीम एकाही आजीला लिहून दिलं नाही. त्यांनी कोरडेपणाचं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गवतीचहा

डॉक्टर, इस्ट्रोजेन म्हणजे हार्मोन ना? त्याने कॅन्सर होतो असं वाचलंय. ७३ व्या वर्षी हार्मोन सुरू करायचं म्हणजे जरा जास्तच वाटतं.

निवृत्त_स्टेथो

प्रश्न रास्त आहे. पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या वेगळ्या आणि हे वेगळं. क्रीम जिथे लावतो तिथेच काम करतं, रक्तात अगदी किरकोळ उतरतं. गंमत म्हणजे पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनचा लघवीच्या इन्फेक्शनला उपयोग होत नाही, जागेवर लावलेल्याचाच होतो. पद्धत साधारण अशी: पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत सोडून देऊ नये. पुढेही चालूच ठेवावं लागतं.

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा त्याच्या गोळ्या चालू असतील तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून कधी रक्त गेलं असेल तर आधी त्याचा तपास, मग क्रीम.

थेम्सकाठ

रेडिंगहून लिहितेय. सासूबाई आमच्याकडे असतात, वय ७८. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून साध्या लघवीच्या इन्फेक्शनला फार्मसीतच औषध मिळतं, पण फक्त १६ ते ६४ वयाच्या बायकांना. पासष्टी ओलांडली की डॉक्टरच. शिवाय इथे पासष्टीपुढच्या माणसाची लघवी पट्टी बुडवून तपासून निदान करत नाहीत. का ते डॉक्टर जास्त नीट सांगतील.

सासूबाईंना क्रीमने कमी झालं, थांबलं नाही. मग मेथेनामाइन हिप्युरेट दिलं, दिवसातून दोनदा. हे अँटिबायोटिक नव्हे. आम्ल लघवीत त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात, त्यामुळे जंतूंना त्याची सवय लागत नाही. ब्रिटनमध्येच २४० बायकांवर त्याची चाचणी झाली, २०२२ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आली. रोज कमी डोसचं अँटिबायोटिक घेणाऱ्यांत वर्षाला ०.८९ इन्फेक्शन, मेथेनामाइनवाल्यांत १.३८. अँटिबायोटिक थोडं सरस, पण फरक इतका लहान की हे पर्याय म्हणून चालेल असा निष्कर्ष.

आमचा घोटाळा ऐका. मुंबईहून येताना नणंदेने जळजळीचं ते गुलाबी सिरप आणलं, लघवी अल्कली करणारं. सासूबाई दोन्ही घेत होत्या. म्हणजे एक औषध म्हणतंय लघवी आम्ल पाहिजे आणि दुसरं तीच धुऊन काढतंय. महिनाभर कोणाच्या लक्षात नाही!

चौकातला_केमिस्ट

हे सिरप आमच्याकडे पाण्यासारखं खपतं. दोन दिवस जळजळ शमायला ठीक, पण ते जंतू मारत नाही. आणि त्यात सोडियम असतं. बीपी किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी बाटल्यांवर बाटल्या रिचवू नयेत.

अंगणातली_तुळस

क्रॅनबेरीचं कोणीच बोललं नाही? माझा मुलगा अमेरिकेतून येताना क्रॅनबेरीच्या कॅप्सूल आणि डी-मॅनोजची पावडर आणतो. बॅगेत लोणच्याच्या जागी हल्ली हेच असतं.

थेम्सकाठ

डी-मॅनोजची कल्पना फार सुंदर होती. ई. कोलाय मूत्राशयाला चिकटतो तो तिथल्या मॅनोज साखरेला धरून. मग बाहेरून मॅनोज दिलं की तो त्यालाच चिकटून वाहून जाईल. पण २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर सहा महिने करून पाहिलं. डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के पुन्हा दवाखान्यात, दुसरी साधी साखर घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के. म्हणजे फरक असा नाहीच.

निवृत्त_स्टेथो

क्रॅनबेरीचं पारडं थोडं बरं आहे. कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र तपासते, तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० चाचण्या एकत्र केल्या. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला. पण वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांत फायदा दिसला नाही. आणि ते टाळण्यासाठी आहे, झालेलं बरं करण्यासाठी नव्हे. बाजारातल्या गोड क्रॅनबेरी सरबताने मधुमेहीची साखर तेवढी वाढेल.

पाण्याबद्दल शेवगाताईंना एक आकडा देतो, त्यांच्याच बाजूचा. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायकांपैकी अर्ध्यांना रोज दीड लिटर जास्त प्यायला लावलं. वर्षात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या बायका पाळी चालू असलेल्या होत्या, पण पाणी आजीलाही स्वस्तच पडतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल तर ते सोडू नका. मूत्रपिंड खराब असेल तर रोज शहाळं नको, त्यात पोटॅशियम भरपूर.

शेवगा

म्हणजे धणे-जिऱ्याचं पाणी बंद करायचं नाही ना? मग झालं तर. 🙂

सातवा_मजला

जरा वेगळा प्रश्न. आईला (७६) काहीही त्रास नाही. सोसायटीत आरोग्य तपासणीचं पॅकेज होतं, त्यात लघवीत 'पस सेल्स (पू-पेशी) १५ ते २०' आणि कल्चरमध्ये ई. कोलाय एक लाखाच्या वर आला. सात दिवस गोळ्या दिल्या. परत तपासलं, परत आला. आता सुई लावायची म्हणतात, दिवसाला एक, पाच दिवस. आई धडधाकट आहे हो, परवा गणपतीच्या एकवीस पोळ्या एकटीने लाटल्या.

निवृत्त_स्टेथो

सुई लावण्याआधी दुसरं मत घ्या. थेम्सकाठ यांनी पट्टीचं जे सोडलं होतं, ते हेच.

उतारवयात लघवीत जंतू असणं आणि लघवीचं इन्फेक्शन असणं या दोन गोष्टी आहेत. कितीतरी आजींच्या मूत्राशयात जंतू बिऱ्हाड करून असतात आणि कोणाला त्रास देत नाहीत. वृद्धाश्रमात तर चारांत एक ते निम्म्या बायकांत ते सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, वारंवार जाणं वाढलेलं नाही, तर त्यांना हात लावायचा नाही. अपवाद गरोदर बायका आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया. औषध दिलं की हे निरुपद्रवी भाडेकरू जातात आणि रिकाम्या खोलीत गुंड येतात, ज्यांना गोळ्या चालत नाहीत. मग खरोखर इन्फेक्शन झालं की सुईशिवाय इलाज उरत नाही.

त्याच न्यायाने, बरं वाटल्यावर 'जंतू गेले का बघू' म्हणून पुन्हा कल्चर करू नये. आपण माणसावर उपचार करतो, कागदावर नाही.

माजघर

पण डॉक्टर, आत्याला एकदा जळजळ काहीच नव्हती. नुसती असंबद्ध बोलायला लागली, मला "वहिनी" म्हणाली. तेव्हा लघवीचंच निघालं होतं.

निवृत्त_स्टेथो

तसं होतं, पण उलटंही खूप होतं. म्हातारं माणूस भ्रमल्यासारखं बोललं, लघवी तपासली, जंतू निघाले (ते आधीपासूनच होते), खापर त्यांच्यावर फुटलं आणि सोडियम कमी झालंय, झोपेची नवी गोळी सुरू झालीय किंवा चार दिवस संडास झालेली नाही हे बघायचं राहूनच गेलं. म्हणून अचानक भ्रम झाला तर दवाखान्यात न्यायचंच, पण सगळं तपासून घ्यायचं.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवी एकदम कमी होणं, ग्लानी, यांतलं काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. म्हाताऱ्या मधुमेही बाईला कधीकधी तापही येत नाही, नुसती गळून जाते.

आणखी दोन गोष्टी, आपल्याकडे विसरल्या जातात. पस सेल्स सारखे दिसतात पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं दोन-तीनदा झालं तर मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार करावा लागतो. आणि लघवीत रक्त आलं, इन्फेक्शन बरं झाल्यावरही ते राहिलं, तर यूरॉलॉजिस्ट. साठीनंतर 'इन्फेक्शन, इन्फेक्शन' म्हणता म्हणता मूत्राशयाचा कर्करोग निसटू शकतो.

गवतीचहा

माझ्या आईला साखरेची नवी गोळी दिलीय, डापाग्लिफ्लोझिन. तेव्हापासून खालच्या जागी खाज. हे तेच का?

निवृत्त_स्टेथो

बहुधा वेगळं. ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, तिथे बुरशी पोसते. खाज आणि दह्यासारखा स्राव बुरशीचा, जळजळ आणि वारंवार जाणं मूत्राशयाचं. औषधं एकमेकांची चालत नाहीत. गोळी मनाने बंद करू नका, हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी ती चांगली आहे. पण डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. चिपळूणला जाऊन आले. इथे नाव माहीत नाही कोणाला माझं, म्हणून लिहिते.

आईला 'क्रीम' हा शब्द उच्चारायला मला दोन दिवस लागले. शेवटी रात्री अंथरुणं घालताना विचारलं, खाली कोरडं वाटतं का गं? ती चादरीची घडी मोडत राहिली. मग म्हणाली, "कोरडं कसलं, अंगच बाहेर येतं."

मला कळलंच नाही आधी. आठ वर्षं. उकिडवं बसलं, खोकला आला, पाण्याची बादली उचलली की अंग खाली सरकतं आणि ती बोटाने आत ढकलते. लघवी झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही. बाबांना नाही, बहिणीला नाही, चार चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी कोणाला नाही. "सांगून काय, त्यांनी बघायला मागितलं असतं."

पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. मूत्राशय खाली उतरलंय. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर १८० मिली शिल्लक. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, हे डबकं आटेपर्यंत गोळ्या कितीही बदलल्या तरी काय होणार?" निवृत्त_स्टेथो, तुमचाच शब्द!

आई ऑपरेशनला तयार नाही. मूत्राशय वर धरून ठेवायला आत सिलिकॉनची रिंग बसवलीय, ती ठराविक दिवसांनी काढून धुऊन परत बसवायची. इस्ट्रिऑल क्रीम सुरू केलंय. अँटिबायोटिक सध्या काहीच नाही.

अंगणातली_तुळस

रानजाई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मी ६८ ची आहे. मलाही दोन वर्षं अंग बाहेर येतंय. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं.

माजघर

तुळसताई, उद्याच दाखवा. उशीर करू नका.

थेम्सकाठ

तुळसताई 🙏 सासूबाईंना इथल्या फिजिओने दोन गोष्टी शिकवल्या, त्या रिंग असो नसो उपयोगी आहेत. एक, लघवी झाल्यावर लगेच उठायचं नाही. जरा थांबून, पुढे वाकून, पुन्हा प्रयत्न करायचा. दुसरा हप्ता निघतोच. दोन, बाहेरच्या कमोडवर अधांतरी बसायचं नाही. मांड्या ताठ असल्या की सगळं सुटत नाही. सीटवर कागद घाला पण टेका.

चौकातला_केमिस्ट

क्रीमबद्दल व्यवहाराचं. सोबत प्लॅस्टिकची नळी येते, तिच्यावर खूण असते तिथपर्यंतच भरायचं. सांधे दुखणाऱ्या आजींना नळी दाबता येत नाही, त्यांनी बोटाच्या पेरावर घेऊन लावलं तर चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या. नळी कोमट पाणी आणि साबणाने धुवायची, उकळायची नाही, वाकडी होते. एक काकू परत घेऊन आल्या होत्या, "बघा कसला माल देता."

आणि जेट स्प्रे मागून पुढे मारू नका हो. धार पुढून मागे. साबण, डेटॉल आत नको, साधं पाणी बस.

सातवा_मजला

दुसरं मत घेतलं. सुया रद्द. आई म्हणते, पाच दिवस दवाखान्यात जायचे रिक्षाचे पैसे वाचले, त्याचं श्रीखंड आणा.

रानजाई (आठ महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण दोन जणींनी विपूत (विचारपुशीत) विचारलं पुढे काय झालं.

आठ महिन्यांत एक इन्फेक्शन. त्या वेळी पहिल्या दिवशीच फोन आला, "डबी आणून ठेवलीय, सकाळची धार देऊ ना?" कल्चर दिलं, ई. कोलाय निघाला, सिप्रो चालत नाही असंच आलं, नायट्रोफ्युरंटॉइन पाच दिवस. सगळ्या गोळ्या संपवल्या, रिकामं पाकीट मला व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवलं. शिल्लक लघवी १८० वरून ४० वर आलीय. क्रीमने सुरुवातीला आठवडाभर थोडी चुणचुण झाली, मग थांबली. मध्ये एक महिना तिने क्रीम परस्पर बंद केलं होतं, "बरी आहे की आता" म्हणून. ते इन्फेक्शन त्यानंतरच झालं. त्याच्यामुळेच का ते नाही सांगू शकत, पण तिला तसंच वाटतं आणि मी ते खोडून काढत नाहीये.

क्रीम ती बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवते, कपाटात साड्यांच्या मागे. मंगळवार आणि शुक्रवार. "देवीचे वार, लक्षात राहतात," म्हणाली.

एसटीचा प्रश्न अजून तसाच. कराडच्या स्टँडवर उतरते आता, पण तोंडाला पदर लावून. पाणी सकाळी नऊपर्यंत नाहीच.

गेल्या रविवारी फोन केला तर पलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज. आईने त्यांना काहीतरी सांगितलं होतं, नक्की किती ते माहीत नाही. आई म्हणाली, "हिला त्या मलमाचं नाव सांग. माझ्या तोंडी बसत नाही. आणि हळू बोल, स्पीकरवर आहे."

चौकातला_केमिस्ट

नाव सांगा, पण त्यांना म्हणावं आधी तपासून घ्या आणि चिठ्ठी आणा. तुमचं रिकामं पाकीट दाखवून नाही मिळणार.